सामंतसरांचा गुडघा

“पण सर, यंत्र चुकत नाही, तर मग ऑपरेशन नको का म्हणताय?”

निनाद गुंजाळने पुन्हा तेच विचारलं. हाडांचा डॉक्टर म्हणून पुण्यात त्याचं नाव दुमदुमत होतं. पण ज्यांच्या हाताखाली तो शिकला, त्या सामंतसरांनी त्याला कधी शाब्बास म्हटलं नव्हतं. ती भूक काही जात नव्हती. सरांचा गुडघा दुखतोय कळलं, एक्स-रे मागवून घेतला आणि स्वारी धावत वाईला आली.

सर झोपाळ्यावर बसले होते. काकू गेल्यापासून ते एकटेच असत.

निनादने टॅब्लेट पुढे धरला. “गुडघा झिजलाय. हाड किती कापायचं, सांधा कसा बसवायचा, सगळं यातल्या यंत्रानं एक्स-रे बघून आखलंय. इतकं नेमकं माझ्यानंही होत नाही.”

“खरंय. आमच्या वेळी हे असतं, तर कितीजण नीट चालले असते...”

सर पडद्याकडे बघत राहिले. त्यांना हेवा वाटत होता, आणि तो लपत नव्हता.

“मग कधी करायचं?”

सरांनी टॅब्लेट हळूच बाजूला सारला.

निनादचा चेहरा उतरला. निघावं म्हणून तो पाया पडायला वाकला. सरांनी पाय जरा पुढे केला, तसे त्यांचे ओठ घट्ट मिटले आणि हात जांघेकडे गेला.

निनाद थबकला. मग जमिनीवरच बसला. एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्यात टाच घेतली आणि पाय हळूच बाहेर वळवला.

गुडघा बिनतक्रार वळला. कळ उठली ती जांघेत.

“सर... दुखणं खुब्याचं आहे. गुडघ्यात नुसतं उतरतंय.”

“हं.”

“म्हणजे यंत्र चुकलं.”

“त्याला कशाला बोल लावतोस? तू गुडघ्याचं विचारलंस, त्यानं गुडघ्याचं सांगितलं.”

निनादची मान खाली गेली. आधी हात, मग एक्स-रे, हे सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आणि आज आल्यापासून त्याची बडबड चालली होती, पायाला हात लावायचं काही सुचलं नव्हतं. आता कसली शाब्बासकी! त्याला रडूच आलं. तो हात काढून घेऊ लागला.

सरांनी त्या हातावर आपला हात ठेवला.

“राहू दे रे तिथेच... यंत्राला म्हणावं, अजून तपासणी चाललीय.”