ओली थप्पी

एका नदीकाठच्या गावात लाकडाची एक मोठी वखार होती. डोंगरातले ओंडके नदीतून वाहत तिथे येत. ते चिरून, फळ्या वाळवून, ज्या कारखान्याला जे माप हवं त्या मापाने लाकूड कापून दिलं जाई. गाड्या बनवणारे, तेलाचे घाणे बसवणारे, माग चालवणारे, सगळे तिथूनच लाकूड नेत.

चिरणं सोपं होतं. अवघड होतं वाळवणं, आणि ते काम एक म्हातारी करी. फळीवर फळी रचताना वारा खेळावा म्हणून ती मधे बोटभर जाडीच्या पट्ट्या घाली. अशा रचलेल्या ढिगाला थप्पी म्हणत, म्हणून तिला सगळे थप्पीवाली म्हणत. प्रत्येक थप्पीतला हातभर तुकडा ती तागडीच्या एका पारड्यात ठेवी आणि दुसऱ्या पारड्यात नदीतले खडे. लाकडातलं पाणी उडे, तुकडा हलका होई, तसा ती एकेक खडा काढी. सलग दोन महिने एकही खडा काढावा लागला नाही, की ती म्हणे, “न्या आता.”

एकदा कापडाचा कारखानदार आला. त्याला चाळीस मागांचे खांब हवे होते आणि तेही दसऱ्याच्या आत. “जमत नसेल तर सांगा,” तो म्हणाला, “पलीकडच्या गावातही वखार आहे.”

वखारीच्या मालकाने थप्पीवालीला हाक मारली. “मावशी, ही थप्पी झाली का?”

“नाही, मालक. परवाच दोन खडे काढलेत. अजून पाणी सोडतेय ती. एक उन्हाळा जाऊ द्या.”

वखारीचा मुकादम हसला. “मावशीच्या हाती कारभार दिला तर लाकूड नातवंडांनाच मिळेल. मालक, हात लावून बघा. पापडासारखी कोरडी आहे.”

“वरून तुमचं मुंडासंही कोरडंच दिसतं, मुकादम,” थप्पीवाली म्हणाली. “काढून पिळून दाखवा.”

चिरकाम करणारे दहाजण हसले. मालक हसला नाही. त्याने एकदा कारखानदाराकडे पाहिलं आणि म्हणाला, “चिरा.”

“मालक, मी सांगितलंय.”

“आणि मी ऐकलंय. चिरा.”

दसऱ्याला चाळीस माग सुरू झाले. होळी आली, ऊन तापलं आणि खांबांच्या पोटातलं पाणी उडायला लागलं. खांब पिळवटले. कापडाची एक कड ताठ, दुसरी ढिली येऊ लागली. कारखानदाराने आधी विणकरांना धरलं. तुमचा हात बिघडला, म्हणाला, आणि अकरा जणांना घरी पाठवलं. बाराव्याने मात्र खांबाला ओळंब्याची दोरी लावली आणि सगळ्यांसमोर दाखवलं की हात सरळ आहे, खांब वाकडा आहे. मग त्या अकरा जणांना परत बोलावलं गेलं. त्यांची माफी मागायचं कोणाला सुचलं नाही.

कारखानदार वाकडा खांब गाडीत घालून वखारीत आला. चौकशी बसली. अशा चौकशीत जे होतं तेच झालं. प्रश्न वरून सुटला आणि बोट खाली येऊन थांबलं. लाकूड विकलं कोणी, हे कोणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “हे वाळवलं कोणी?”

“थप्पीवालीने,” मुकादम म्हणाला. “वय झालं तिचं. नजर गेली.”

थप्पीवालीने मालकाकडे पाहिलं. “मालक, तुम्हाला काही बोलायचंय?”

मालकाला सगळं आठवत होतं. पण खरं बोललं तर एवढं मोठं गिऱ्हाईक जाणार होतं. तो खाली भुशाकडे बघत राहिला. चाळीस वर्षं थप्प्या रचलेली बाई पदर खोचून चालती झाली. त्या दिवशी तिचं बोलणं ऐकलेले दहाजण करवती पुसत उभे राहिले.

थप्प्या आता मुकादमाकडे आल्या. मालक विचारी, “झाली का?” मुकादम म्हणे, “झाली.” चिरणारेही म्हणत, “झाली, मालक.” वखारीत इतकं एकमत पूर्वी कधीच नव्हतं. आणि माल परत येऊ लागला. गाड्यांच्या चाकांचे आरे सैल झाले, घाण्यांचे लाकडी दांडे तडकले.

एका सकाळी मालकाने नुकत्याच नदीतून ओढून काढलेल्या ओंडक्याकडे बोट दाखवलं आणि एका चिरणाऱ्याला विचारलं, “हा वाळलाय का?”

चिरणाऱ्याने ओंडक्याकडे पाहिलं. मग मालकाकडे पाहिलं. “वाळलाय, मालक.”

“अरे, पाणी गळतंय त्यातून.”

“होय, मालक.”

“मग खोटं का बोलतोस?”

त्याने करवत खाली ठेवली. मग म्हणाला, “मावशी खरं बोलली होती. ती आता घरी बसलीय. माझ्या घरी चार तोंडं आहेत, मालक.”

मालक तसाच उठून थप्पीवालीच्या घरी गेला. ती अंगणात चिंचा फोडत होती.

“चूक माझी होती, मावशी. चल परत.”

“ते मला कशाला सांगता? मला ठाऊकच आहे,” ती चिंच फोडत म्हणाली. “ज्यांच्यासमोर माझी नजर गेली ना, त्यांना सांगा. आणि ज्यांचा हात बिघडला, त्यांनाही.”

दुसऱ्या दिवशी मालक आपल्या सगळ्या माणसांना घेऊन कापडाच्या कारखान्यात गेला. माग थांबवून घेतले आणि म्हणाला, “थप्पी ओली होती. मावशीने मला तसं सांगितलं होतं. तरी मीच ती चिरायला लावली. तिची नजर शाबूत आहे, आणि तुमचे हातही. मला माफ करा.”

“म्हणजे तुम्ही मला फसवलंत,” कारखानदार म्हणाला.

“हो.”

ते गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच, पुन्हा आलं नाही. थप्पीवाली मात्र परत आली.

महिन्याभराने गाड्या बनवणारा एकजण घाईघाईने आला. थप्पीवाली नदीवर गेली होती. मालकाने जवळच्या चिरणाऱ्याला विचारलं, “ही थप्पी झाली का रे?”

चिरणाऱ्याने तागडीतल्या खड्यांकडे पाहिलं. “नाही, मालक.”

सगळ्या करवती थांबल्या. मालक गिऱ्हाइकाकडे वळला. “ऐकलंत ना? उन्हाळा संपला की या.”

करवती पुन्हा सुरू झाल्या.

तात्पर्य इतकंच: ‘नाही’ म्हणणाऱ्याला जो घरी बसवतो, त्याला पुढे सगळे ‘हो’च म्हणतात, आणि तसल्या ‘हो’वर उभं केलेलं काहीच सरळ राहत नाही. हुकूम ज्याचा, चूकही त्यानेच चारचौघांत आपल्या अंगावर घ्यावी.