धाकू पाण्यावर लक्ष ठेवतो

समुद्राच्या कडेला खारशेत नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात धाकू नावाचा एक भोळा गडी होता. वय चाळीस. अंगाने भरभक्कम, मनाने साफ. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. अडचण तीच होती. तो सांगितलेलंच करायचा.

त्याची बायको शेवंती नलूताई बेहेऱ्यांच्या पाहुणेघरात स्वयंपाक करायची. नलूताई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी पाहुण्यांसाठी अंगणात पोहायचा तलाव बांधला होता, तोही खाऱ्या पाण्याचा. आणि समुद्र तिथून पन्नास पावलांवर. गाव पोट धरून हसलं. "दारात समुद्र असताना बाईने खड्डा खणला आणि त्यात विकतचं मीठ ओतलं!"

नलूताईंनी लक्ष दिलं नाही. तलावात लाटा नव्हत्या, वाळू नव्हती, डोळे चुरचुरत नव्हते. गुडघे दुखणारी माणसं लांबून यायची आणि तासन्‌तास डुंबायची. फक्त त्या पाण्याचा तोल सांभाळावा लागायचा. मीठ कमी झालं की पाणी हिरवं, सोडा कमी झाला की अंगाला खाज. त्यासाठी एक माणूस हवा होता.

शेवंती म्हणाली, "आमचे हे आहेत की."

नलूताई धाकूला ओळखून होत्या. पण शेवंतीच्या हातच्या सुरमईसाठी पाहुणे परत परत येत. तिला नाही कोण म्हणणार?

पहिल्या दिवशी नलूताई म्हणाल्या, "धाकू, पाण्यात मीठ कमी झालंय. एक पोतं टाक."

धाकूने पोतं खांद्यावर घेतलं आणि टाकलं. शिवलेलं, सुतळीसकट. पोतं तळाशी जाऊन बसलं.

"अरे, पोतं टाक म्हणजे पोतंच टाकलंस?"

"दुसरं काय टाकायचं होतं?"

नलूताईंनी डोळे मिटले, उघडले. "हे बघ. पोतं उसवायचं. मग चारी बाजूंनी फिरत फिरत थोडं थोडं भुरभुरायचं. आणि नंतर लांब दांड्याच्या ब्रशने घासायचं, म्हणजे ते विरघळतं. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात फणसळकर काका चहा पीत बसले होते. हे सांगलीचे निवृत्त तहसीलदार. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं म्हणून आठ दिवस राहायला आलेले. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे."

धाकू जवळच होता. त्याने साखरेचा डबा आणला. काकांच्या चारी बाजूंनी फिरत फिरत थोडी थोडी भुरभुरली. काही कपात पडली, बरीच काकांवर. काका "अहो, अहो!" म्हणत उठेस्तोवर धाकू लांब दांड्याचा ब्रश घेऊन आला आणि त्यांना घासायला लागला.

"थांबा जरा, विरघळते आहे," तो म्हणाला.

नलूताई धावत आल्या. काकांची माफी मागितली. मुंग्यांसाठी पावडर आणवली. मग धाकूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिथे दोन चमचे घालायचे! चांगलं ढवळायचं. आणि समोरच्याला द्यायचं नि विचारायचं, चव बरोबर आहे ना? कळलं?"

"कळलं."

तिसऱ्या दिवशी नलूताई बाजारात निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "धाकू, तलावात आज सोडा घालून ठेव." कोपऱ्यात वीस किलोची गोणी ठेवली होती.

धाकूने गोणी उघडली. दोन चमचे घातले. मग बांबू घेऊन ढवळायला बसला. सकाळी नऊला बसला तो दुपारी एकपर्यंत ढवळत होता. पोहायला आलेल्या फणसळकर काकांना त्याने काठावर थांबवून ठेवलं. एक वाजता त्याने तलावातलं पाणी कपात भरलं, खाली बशी ठेवली आणि काकांच्या पुढे धरलं.

"घ्या. चव बरोबर आहे ना?"

काका सरळ माणूस. काहीतरी औषधी काढा असेल म्हणून त्यांनी अर्धा कप घेतलासुद्धा. मग दिवसभर ते खोलीबाहेर आले नाहीत.

नलूताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, हे पाणी चाखून नाही बघत, रंगावरून बघतात! ही काचेची नळी. हिच्यात तलावाचं पाणी घ्यायचं, या बाटलीतले पाच थेंब टाकायचे. केशरी झालं तर ठीक. गुलाबी झालं तर पाणी बिघडलं. मग कुणाचं ऐकायचं नाही. सगळ्यांना बाहेर काढायचं आणि मला मोठ्याने हाक मारायची. औषध मी घालीन. कळलं?"

"कळलं."

त्याच दिवशी दुपारी उशिरा जेवणाची पंगत बसली. शेवंतीने माशाचं कालवण केलं होतं, भात होता, आणि वाट्यांमधून सोलकढी वाढली होती. धाकू पाण्याचा तांब्या घेऊन आत आला आणि जागीच थबकला. बारा वाट्या. बाराही गुलाबी.

"बाहेर!" तो ओरडला. "सगळे बाहेर! गुलाबी झालंय! ताईऽऽऽ!"

त्याने एकेकाला दंडाला धरून उठवलं. एक बाई सोलकढीचा घोट गिळून बसल्या होत्या, त्या तिथेच रडायला लागल्या. कुणीतरी "विष, विष!" म्हणालं. अंगणात बारा माणसं उष्ट्या हातांनी उभी राहून एकमेकांच्या जिभा तपासू लागली. आतून शेवंती पळी घेऊन आली. नवऱ्याकडे बघितलं आणि परत गेली. त्या दिवशी धाकूला कालवण मिळालं नाही.

नलूताईंचा आवाज बसला होता. तरी म्हणाल्या, "पाहुणे आरामात असताना त्यांना उठवायचं नाही. काहीही दिसलं, तरी ओरडायचं नाही. हसायचं आणि म्हणायचं, सावकाश होऊ द्या. कळलं?"

"कळलं."

चौथ्या दिवशी गाळणीच्या यंत्राची एक चावी चुकून उघडी राहिली आणि तलावाचं पाणी पाइपातून परसात जाऊ लागलं. धाकूने ते बघितलं. पाण्यात फणसळकर काका पाठीवर तरंगत होते, डोळे मिटून, पोटावर हात ठेवून. धाकू हसला.

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला.

"हो, हो," काका डोळे न उघडता म्हणाले.

पाणी छातीइतकं झालं, कमरेइतकं झालं, गुडघ्याइतकं झालं. धाकू काठावर बसून हसतच होता. शेवटी काका अलगद फरशीवर टेकले. तरी थोडा वेळ त्यांनी हात हलवून पाहिले. मग डोळे उघडले.

नलूताई आल्या तेव्हा काका कोरड्या तलावात टॉवेल गुंडाळून उभे होते आणि शिडी इतक्या वर का आहे, असं विचारत होते.

या खेपेला नलूताई रागावल्या नाहीत. त्या पायरीवर बसल्या. येत्या रविवारी सांगलीच्या बायकांचं पोहण्याचं मंडळ येणार होतं. काकांच्याच बहिणीचं. चौदा जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. त्यांना आवडलं तर दर वर्षी येणार होत्या. नाही आवडलं तर तलाव बुजवून तिथे नारळ लावायचे, असं नलूताईंनी मनाशी ठरवलं होतं.

"धाकू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पाणी खाली गेलेलं दिसलं की हसत बसायचं नाही. कुणाला विचारायचं नाही. पाइप लावायचा, पंप चालू करायचा, आणि पाणी काठाखालच्या निळ्या रेघेपर्यंत चढेस्तोवर जागचं हलायचं नाही. आणि नुसतं गोडं पाणी घालून चालत नाही हं. खाऱ्यात गोडं पडलं की तोल बिघडतो. कळलं?"

"कळलं," धाकू म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं. एकदा तरी ताईंनी शाबास म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं.

शनिवारपर्यंत नलूताईंनी स्वतः तलाव भरला. मीठ घातलं, सोडा घातला, नळीत केशरी रंग आणला. पाणी असं झालं की तळाची फरशी मोजावी. रविवारी दुपारी बाराला त्या मंडळाला आणायला बसस्टँडवर निघाल्या.

"कशाला हात लावू नकोस. फक्त पाण्यावर लक्ष ठेव."

धाकूने तलावावर लक्ष ठेवलं. पाणी बरोबर निळ्या रेघेवर होतं. मग त्याने मान वर केली आणि तो ताडकन उठला.

समुद्राची ओहोटी होती. पाणी पार लांब गेलं होतं. होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या. कातळावर शेवाळाची हिरवी रेघ होती, आणि पाणी त्या रेघेच्या दोन पुरुष उंचीएवढं खाली.

धाकूने कुणाला विचारलं नाही. लांब पाइप काढला, पुळणीवर नेला. विहिरीच्या पाण्याला त्याने हात लावला नाही, ते गोडं होतं. खारं पाणी तलावातच होतं. त्याने पंप चालू केला.

पहिला तासभर पाणी वाळूतच जिरलं. धाकूने धीर सोडला नाही. पाइप धरून उन्हात उभा राहिला. दोन वाजता एक लाट त्याच्या अंगठ्याला लागून गेली. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तीन वाजता होड्या सरळ झाल्या.

बसला फार उशीर झाला. साडेचारला नलूताई चौदा बायकांना घेऊन आल्या. टोप्या घालून, टॉवेल खांद्यावर टाकून सगळ्या काठावर ओळीने उभ्या राहिल्या आणि खाली वाकून बघू लागल्या. खाली फरशी होती.

"धाकूऽऽ!" नलूताई किंचाळल्या. "पाणी कुठंय?"

धाकू समुद्रात छातीपर्यंत उभा होता. हातात पाइप. चेहऱ्यावर असा आनंद, जो गावाने कधी पाहिला नव्हता.

"आणलं, ताई! रेघेपर्यंत आणलं!" तो ओरडला. "आता तेवढा पंप बंद करा लवकर. रेघेच्या वर चढायला लागलंय!"