भिंतीची भोकं

डोंगरउतारावर माणसं नुकतीच घरं बांधू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. धाकू गवंड्याने एका घराच्या अंगणाची माती घसरू नये म्हणून खालच्या बाजूला दगडांची उंच भिंत बांधली. भिंतीत जागोजागी मुठीएवढी भोकं मात्र तशीच ठेवली.

पायथ्याच्या खेकड्याने विचारलं, "भिंतीबाई, ही भोकं कशाला?"

"कोण जाणे. विसरला असेल बुजवायला," भिंत ओशाळून म्हणाली. तिने पाठीमागच्या मातीला हुकूम सोडला, "ही भोकं भरून टाक." मातीने ती गच्च भरली. खेकड्याचं मात्र समाधान झालं नाही. एवढा जुना गवंडी सगळीच भोकं कशी विसरेल?

श्रावणात चार दिवस झड लागली. भिंतीच्या पोटाला फुगवटा आला. ती कळवळून म्हणाली, "माती, ढकलू नकोस. मी पडले तर वरचं घरही कोसळेल."

"मी कुठे ढकलतेय? माझ्यात पाणी साठलंय. त्याला बाहेर पडायला जागाच नाही."

ते ऐकताच खेकडा भरभर वर चढला आणि नांग्यांनी एकेक भोक उकरू लागला. आधी गढूळ, मग नितळ पाणी धो धो बाहेर पडलं. भिंतीवरचा भार उतरला.

जरा दम खाऊन तिने मातीला विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंस?"

माती म्हणाली, "तू भरायला सांगितलंस, मी भरली. मला काही विचारलंस कुठे?"