येसूच्या हातातला दोर

कोळवडीच्या खिंडीतल्या ह्या कातळाला बोटभर खाच दिसते ना, ती दोराची. तिथं येसूचं लग्न लागलं, असे सांगतात.

येसूचा बाप सटवाजी हट्टी. भटजींनी त्याला लग्नाचे आठ प्रकार सांगितले होते. त्याच्या मनात भरला आर्ष विवाह. त्यात नवऱ्याने मुलीच्या बापाला गाय आणि बैल द्यायचा, किंमत म्हणून नव्हे, धर्म म्हणून. डोंगरापलीकडचा भिवा गाय-बैल घेऊन आला. आधी येसूने बैलाला पाणी पाजायचे, मग अंतरपाट धरायचा, असे ठरले.

बैल पाणी प्याला, आणि घरची आठवण झाली म्हणा, उधळला तो थेट डोंगराकडे. येसूने दोर सोडला नाही. पुढे बैल, मागे फरफटत येसू, त्यामागे मुंडावळ्या सावरत भिवा. खिंडीत आल्यावर तिने ह्या कातळाला दोराचा वेढा दिला, तेव्हा कुठे बैल थांबला म्हणे.

मागून वऱ्हाड पोचले. येसूचा चुलता म्हाळू कडाडला, "मुलगी पळवली! हा राक्षस विवाह. आम्ही ह्या लग्नाचं पान वाढून घेणार नाही."

सटवाजी हात जोडून म्हाळूच्या वाटेत उभा राहिला. भावकी उठून गेली तर पोरीला पुन्हा कोण विचारणार? येसूच्या हाताची सालटी निघाली होती, पण तिला त्याहून बापाच्या तोंडाकडे बघवेना.

भटजी धापा टाकत म्हणाले, "राक्षसात मुलगी रडते. ही रडत होती का?"

"नाही बुवा," खिंडीत गुरं चारताना सगळं पाहिलेला एक गुराखी म्हणाला, "बैलाच्या आईला शिव्या देत होती."

"नवऱ्याने ओढून नेली?"

"तो तर मागं पडला होता."

भटजींनी आठ बोटे मोजली, पुन्हा मोजली. तेव्हा येसू म्हणाली, "काका, दोर माझ्या हातात होता. सोडला असता तर मी आत्ता मांडवात असते. मला कुणी नेलं नाही. बैल मी आणला, आणि हे आपल्या पायांनी मागनं आले."

भटजी म्हणाले, "शास्त्रात असं नाही. पण असू नये असंही कुठं नाही. धरा अंतरपाट!" म्हाळूनेच पुढे होऊन एक टोक धरले.

आजही कोळवडीची मुलगी सासरी निघाली की बैलाचा दोर तिच्या हातात असतो, आणि नवरा मागून चालतो, शेण चुकवत.