गिबचा मुलगा

"म्हणजे मुलगी झाली, म्हणून वंश बुडाला?" शाहनूरबाबांनी विचारलं.

"बुडालाच की, बाबा," क्लॉड गिब्सन म्हणाला. "आमच्या आडनावातच आहे ते. सन म्हणजे मुलगा. गिब्सन, म्हणजे गिबचा मुलगा. ते पोरीला काय शोभणार? आणि लग्न झालं की तेही जाणार."

क्लॉड भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला इंजिन ड्रायव्हर. डोक्यावर साहेबी टोपी, पण मराठी अशी फाकडू, की भाजीवालीनं हात टेकावेत. दर शुक्रवारी होडीनं तापी ओलांडून या फकिराच्या तकियात, म्हणजे मठीत, यायचा, बाबांचे पाय चेपायचा आणि गावभर स्वतःला त्यांचा पट्टशिष्य म्हणवून घ्यायचा.

आज तो ताईत मागायला आला होता. पुढच्या खेपेला मुलगाच हवा, म्हणून.

बायको नोरीन बाहेर कडुनिंबाखाली बसली होती. मांडीवर सव्वा महिन्याची रूबी. एवढ्या दिवसांत या शहाण्यानं लेकीला एकदाही उचललं नव्हतं. नोरीननं त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. मला विचाराल तर बरं केलं तिनं.

बाबांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"हा गिब कोण रे?"

क्लॉड ताठ बसला. "विलायतेतला आमचा मूळ पुरुष. खरं नाव गिल्बर्ट, लाडानं गिब. शेकडो वर्षं झाली त्याला. तेव्हा साध्या माणसांना आडनावं नसायची. त्याच्या पोराला गाव म्हणायचं, हा गिबचा मुलगा. तेच पुढं चिकटलं."

"करायचा काय हा गिब?"

"ते... माहीत नाही."

"त्याच्या बापाचं नाव?"

"ते कोण सांगणार, बाबा."

"मग याचंच तेवढं कसं राहिलं?"

क्लॉडनं टोपी काढली. डोकं खाजवलं.

"पोरामुळं..."

"हं."

"पण बाबा, तो मुलगा होता."

बाबा खो खो हसत सुटले. हसता हसताच उठले, बाहेर गेले, नोरीनपुढं हात पसरले. तिनं लेक त्यांच्याकडे दिली. बाबांनी ती आणून क्लॉडच्या हातांत ठेवली आणि आपण बाजूला झाले.

आता धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एवढं धूड इंजिन चालवणारा गडी, पण कोपर हलवेना. रूबीनं त्याच्याकडे बघितलं, जांभई दिली आणि त्याच्या मिशीचं टोक मुठीत धरलं.

"अगं, अगं... सोड." क्लॉडला हसू आवरेना. डोळेही भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "नोरीन, बघ ना, सोडत नाही ही."

"नकोच सोडू देत," नोरीन दारातून म्हणाली. सव्वा महिन्यातलं तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य. ती हसत होती.

क्लॉड लेकीला तसाच घेऊन बसून राहिला. ताईताचं त्याच्या ध्यानातही राहिलं नाही.

तेवढ्यात काठावरून होडीवाल्या दगडूची हाक आली, "गिब्सनसाहेब आहेत का तिकडं? होडी सुटतेय..."

बाबा दारात गेले.

"गिब्सनसाहेब नाहीत रे इथं," ते ओरडले. "रूबीचे बाबा आहेत. येतायत, थांब जरा."