बिनयादीचं दप्तर

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ राज्यात एक मोठं दप्तर होतं. दप्तर म्हणजे राज्याच्या जुन्या कागदांचं घर. कोणत्या गावाची शीव कुठवर, कोणत्या देवळाचा मान कुणाचा, कोणत्या राजाने कुणाला काय वचन दिलं, हे सगळं तिथे लिहून ठेवलेलं असे. कागदांचे गठ्ठे जाड कापडात बांधत आणि त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणत. असे चार हजार रुमाल तिथल्या फडताळांत रचलेले होते.

या दप्तराचा दप्तरदार मोठा सचोटीचा माणूस होता. त्याने कधी कुणाची पानसुपारीसुद्धा घेतली नाही. कागदांवर त्याचा जीव होता. माणसांवर मात्र त्याचा काडीचाही विश्वास नव्हता.

हा स्वभाव जन्माचा नव्हता. तो कामावर नवीन असताना त्याच्या हाताखालच्या एका कारकुनाने एका कागदावरचं नाव चाकूने खरवडून तिथे दुसरंच नाव लिहिलं. त्या एका नावापायी एका गुरवाच्या घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची पूजा गेली. दोन वर्षांनी लबाडी उघडकीला आली, पण तोवर गुरव बायकामुलांसह देश सोडून गेला होता. तो कागद दप्तरदाराने स्वतःच्या हाताने त्या कारकुनाला काढून दिला होता. तेव्हापासून त्याच्या मनात जो संशय बसला, तो काही उठला नाही.

आधी त्याने एकेक करून सगळे कारकून घालवले. मग रुमालांना बांधलेल्या चिठ्ठ्या सोडवल्या, म्हणजे आत काय आहे ते बाहेरून कळू नये. पूर्वीच्या दप्तरदाराने केलेली एक यादी होती, तीही त्याने एका सकाळी चुलीत घातली. यादी म्हणजे चोराला दाखवलेली वाट, असं तो म्हणे. चार हजार रुमालांतला कोणता कुठे आहे, हे आता त्या एकट्याच्या डोक्यात होतं. राजाने एखादा कागद मागितला की दप्तरदार आत जाई आणि घटकाभरात तो घेऊन येई. लोक थक्क होत.

साठी उलटल्यावर एकदा त्याला ताप भरला. बारा दिवस तो अंथरुणावर होता, आणि त्या बारा दिवसांत राज्याला स्वतःचा एकही कागद सापडला नाही. राजा विचारात पडला. शेजारच्या मुलुखात एका मठातल्या पोथ्या ज्या बाईने लावून दिल्या होत्या, तिला त्याने बोलावून घेतलं आणि सगळ्या दप्तराची यादी करायला सांगितलं.

बाई पन्नाशीची होती, कमी बोलणारी. तिचा एक डोळा अधू होता, म्हणून कागद ती अगदी नाकाशी धरून वाचायची. राजाचा हुकूम असल्यामुळे दप्तरदाराला तिला आत घ्यावं लागलं. पण आपली बैठक त्याने हलवली आणि तिच्या बरोबर समोर मांडली.

पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की ही प्रत्येक कागद वाचण्याआधी हुंगते. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं की पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल येते. भिंतीची चौकशी कोण करतं? भिंत फोडायची असेल तो. दप्तरदाराने तिला खोटीच भिंत सांगितली.

आणखी एक गोष्ट त्याला खुपत होती. बाई नुसती नावं लिहीत नव्हती. प्रत्येक कागद कशाबद्दल आहे, पानं किती, शिक्का कुणाचा, साक्षीदार कोण, हे सारं ती वहीत थोडक्यात टिपत होती. एका वहीत तीस रुमाल मावत. वही भरली की ती दुसरी सुरू करी. संध्याकाळी निघताना ती एक लहानशी पुडी पिशवीत टाकायची. आठ दिवस त्याने ते पाहिलं. नवव्या दिवशी त्याने तिला दारात अडवलं आणि पुडी उघडायला लावली.

पुडीत भुरकट माती होती, आणि तिच्यात दोनचार बारीक किडे.

"फडताळांखालची आहे," बाई म्हणाली. "घरी उन्हात पसरून बघते. किडा जिवंत निघाला, तर त्या फडताळाला उद्याच औषध करायला हवं."

दप्तरदाराने पुडी परत दिली. पण घरी जाताना त्याच्या मनात आलं, की एक पुडी अशी मुद्दाम दाखवायची, म्हणजे दुसरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. दुसऱ्या दिवसापासून तो तिची पिशवीही तपासू लागला. बाई रोज पिशवी उघडून पुढे करायची. तिला राग येत नाही, याचाच त्याला जास्त संशय आला.

अशात एके दुपारी तो पाणी प्यायला उठला, तर दारापाशी बाई कुणाशीतरी बोलताना दिसली. तो वरच्या गावचा पाटील होता. दप्तरदार पुढे होताच पाटील रामराम करून निघून गेला. बाईने आपणहून सांगितलं, की तलावाच्या कराराचा कागद कोणत्या रुमालात आहे असं पाटील विचारत होता आणि तिने त्याला दप्तरदाराकडे जायला सांगितलं. दप्तरदाराने मान हलवली, पण तिचं बोलणं त्याला पटलं नाही.

तो कागद त्याला पाठ होता. डोंगरात एक तलाव होता. वरचं गाव त्याच्या काठावर होतं आणि खालचं गाव उतारावर. राजाच्या पणजोबांनी दोन्ही गावांना समोर बसवून करार लिहून दिला होता, की पाऊस कमी झाला तर दर पंधरवड्याला तीन दिवस तलावाची मोरी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची वाट, खालच्या गावासाठी उघडी राहील. तो कागद नाहीसा झाला तर फायदा एकाच गावाचा होता. आणि बाईने त्याच आठवड्यात तो आपल्या वहीत टिपला होता.

दप्तरदाराने दोन आणि दोन चार केले. बाई जेवायला गेली असताना त्याने करार रुमालातून काढला आणि लाकडी पेटीत घातला. त्याच्या बैठकीमागे भिंतीत एक कोनाडा होता. पेटी त्यात ठेवून त्याने वर फळी ठोकली आणि तिच्यावर आपली शाल टांगली. मग तिची ती वहीही उचलून स्वतःच्या संदुकीत कुलूपबंद केली.

बाई परत आली. तिने वही शोधली, सगळी फडताळं पाहिली, मग त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि वही कुठे दिसली का म्हणून विचारलं.

"मला ठाऊक नाही," दप्तरदार म्हणाला. सबंध आयुष्यात तो एकदाच खोटं बोलला होता, त्या भिंतीबद्दल; हे दुसरं.

बाईने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग ती जाग्यावर जाऊन बसली आणि नवी वही उघडून तिने पुढचा रुमाल सोडला.

थंडी पडली तशी बाईने रुमाल अंगणात आणून उन्हात घालायला सुरुवात केली. कागद उलगडून ती त्यांना दिवसभर ऊन दाखवी, संध्याकाळी वेखंडाची पूड टाकून परत बांधी आणि वर चिठ्ठी लावी. दप्तरदार हातात काठी घेऊन अंगणात येरझारा घाली. एक कपटासुद्धा त्याने उडू दिला नाही. त्या हिवाळ्यात जवळपास सगळ्या दप्तराला ऊन लागलं. कोनाड्यातली पेटी मात्र तशीच राहिली. ती उघडताना बाईने पाहिलं असतं, म्हणून त्याने आठ महिने फळीला हात लावला नाही.

पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला. वरच्या गावाने मोरी बंद केली आणि खालच्या गावाची पिकं माना टाकू लागली. खालच्या गावची एक म्हातारी चार माणसं घेऊन राजाकडे आली. तिचा पानमळा होता आणि वेली पिवळ्या पडायला लागल्या होत्या. आमच्या आज्यापणज्यांच्या वेळचा कागद आहे, एवढंच तिचं म्हणणं होतं. वरच्या गावचा पाटील शांतपणे म्हणाला, की असा काही कागद असल्याचं आपण ऐकलेलं नाही, असेल तर दाखवावा. राजाने दप्तरदाराकडे पाहिलं.

"कागद आहे," दप्तरदार म्हणाला. "उद्या सभेत हजर करतो."

म्हातारीने त्याच्या पायांना हात लावला. त्याला धन्य वाटलं. चोराला आपण कसं ओळखलं आणि कागद कसा वाचवला, हे उद्या भरसभेत सांगायचं त्याने मनाशी ठरवलं.

सकाळी त्याने फळी उचकटली. पेटीचं झाकण हातात आलं, पण पेटी आली नाही. तिचा तळ भिंतीला चिकटला होता. बोटं घातली तर ओली माती लागली. वाळवीने पेटी पोखरली होती आणि कागदाचं नुसतं जाळं उरलं होतं. मधूनमधून एखादं अक्षर दिसत होतं, वाक्य एकही नव्हतं. ओल यायची ती हीच भिंत, आणि दडवण्याच्या घाईत ते त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. बाईने विचारलं तेव्हा त्याने दुसरी सांगितली होती.

तो ते अवशेष ताटात घेऊन सभेत गेला. कागदाला कीड लागली, पण मजकूर मला पाठ आहे, असं म्हणून त्याने सगळा करार घडाघडा म्हणून दाखवला.

पाटील उठला.

"दप्तरदार, तुम्ही आजवर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाहीत," तो म्हणाला. "मग तुमच्या शब्दावर आम्ही का ठेवावा?"

राजाने मान खाली घातली. दप्तरदाराला आठवलं, या सभेतल्या जवळजवळ प्रत्येकाला आपण कधी ना कधी दारात अडवलं आहे. जी माणसं आपल्या बाजूने उभी राहिली असती, तीच आज खाली बघत होती. म्हातारी मात्र अजून त्याच्याकडेच पाहत होती.

बाई मागे भिंतीशी बसली होती. तिने तो करार वाचला होता, आणि पाटलाने त्याची चौकशी केलेलीही तिला आठवत होती. पण तिचाही नुसता शब्दच होता, आणि शब्द चालणार नव्हता. लिहिलेलं काही हवं होतं. ते कुठे आहे हे फक्त दप्तरदाराला ठाऊक होतं, आणि ते बाहेर काढायचं तर स्वतःला चोर म्हणवून घ्यावं लागणार होतं.

मग त्याने कमरेची किल्ली काढून राजाच्या शिपायाला दिली.

"माझ्या संदुकीत या बाईंची वही आहे. मी ती चोरली आणि त्यांच्याशी खोटं बोललो. कागदही मीच भिंतीत दडवला. तो माझ्या हाताने गेला."

वही आली. राजाने पान उघडून वाचलं. तलावाचा करार, पानं दोन, शिक्का पणजोबांचा, दोन्ही गावांचे तीन-तीन साक्षीदार, कमी पावसाच्या वर्षी पंधरवड्याला तीन दिवस मोरी उघडी. खाली तारीख होती, आणि ती भांडणाच्या कितीतरी आधीची होती.

पाटील म्हणाला, यादी म्हणजे कागद नव्हे. राजाने ते खरं असल्याचं कबूल केलं. त्याने निवाडा दिला, की वहीच्या आधारावर तूर्तास मोरी उघडावी, पण कायमच्या हक्काला शिक्क्याचा कागद लागतो आणि तो आता नाही. तेव्हा दोन्ही गावांनी लगेच बसून नवा करार करावा.

नव्या करारात वरचं गाव अडून बसलं. खालच्या गावाला तीन दिवसांच्या जागी दीडच दिवस मिळाला. तेवढ्यावर ज्वारी तगली, पानमळा जळला. म्हातारी एकदा दप्तरात येऊन गेली. रागावली नाही. "आमचा कागद तुम्ही सगळ्यांपासून राखलात बाबा," ती म्हणाली, "पण आम्हाला लागला तेव्हा तो नव्हता."

दप्तरदाराने सगळ्या किल्ल्या बाईच्या हातात दिल्या. तेव्हा त्याने तिला विचारलं, की वही मी घेतली हे तुम्हाला कळलं होतं का.

"कळलं होतं," बाई म्हणाली. "पण कागद जाळणारा माणूस तुम्ही नाही, असं वाटलं. म्हणून राजाकडे गेले नाही."

तेव्हा दप्तरदाराने तिला चुलीत घातलेल्या जुन्या यादीची हकिकत सांगितली. बाई ऐकत राहिली आणि मग म्हणाली, बसा, जेवढं आठवतं तेवढं सांगा, मी लिहिते.

पुढची तीन वर्षं तो तिच्यासमोर बसून सांगत राहिला. वय झालं होतं, पुष्कळसं तो विसरला होता. पुष्कळ कागद त्यानेच मुद्दाम भलत्या रुमालांत घातले होते. तो वारला तेव्हा पावणेतीनशे रुमाल राहिले होते, ज्यांत कशाचा काय संबंध आहे हे कुणालाच कळेना. त्यांवर बाईने 'ओळख नाही' अशी चिठ्ठी लावली. त्यांत कुणाकुणाचे हक्क होते, ते आजतागायत कळलेलं नाही. यादीच्या मात्र राजाने दोन प्रती करवल्या. एक वाड्यात ठेवली आणि दुसरी दप्तराच्या दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही वाचता येईल अशी.

तात्पर्य: सगळ्यांवर संशय घेऊन जो एकटाच राखण करतो, त्याच्या हातून राखलेली वस्तू चोर येण्याआधीच जाते.