दोन वर्षे सीलबंद राहिलेली वायर

सांगलीतले हळदीचे व्यापारी भूपाल मगदूम एकदा आपल्या जुन्या शिक्षकांना, कुंभोजकर सरांना, घ्यायला स्वतः गाडी घेऊन गेले. त्या दिवशी शाळेत ‘स्वच्छ हवा’ या विषयावर भूपालांचे व्याख्यान होते आणि सर अध्यक्ष होते.

गाडीही विषयाला साजेशी होती. ती पेट्रोलवर चाले. शिवाय घरच्या प्लगवर चार्ज केली, तर चाळीसेक किलोमीटर नुसत्या विजेवरही जाई. दोन वर्षे भूपाल तिचे गुणगान करत होते. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तर त्यांनी सुनंदा आवटी या परिचारिकेची सरांसह सर्वांदेखत थट्टा केली होती. तिने नुकतीच निव्वळ विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली होती.

“ताई, तुमची वीज कोळशाचीच ना? आणि बॅटरी बनवताना धूर होतो तो वेगळाच!”

लोक हसले होते. सुनंदा खाली बघत राहिली होती.

व्याख्यानाच्या दिवशी सर लगेच गाडीत बसले नाहीत. मागे जाऊन म्हणाले, “भूपाल, डिकी उघड. चार्जिंगची वायर बघू.”

वायर निघाली. ती कंपनीच्या पिशवीतच होती आणि पिशवीचे सील शाबूत होते. सरांनी ती क्षणभर हातात धरली, पुन्हा जागेवर ठेवली आणि डिकी लावली.

“दुकान घरापासून किती लांब?”

“आठ किलोमीटर, सर.”

सर शांतपणे म्हणाले, “म्हणजे रोजचे जाणे-येणे विजेवर सहज झाले असते. तू मात्र पेट्रोल जाळत राहिलास आणि जड बॅटरी उगाच वाहत राहिलास. सुनंदाबद्दल तू बोललास ते खोटे नव्हते. तिची गाडी घडताना धूर झाला, तिच्या विजेमागेही थोडाफार धूर आहे. पण ती गाडी जितकी वर्षे चालेल, तितकी ती कसर भरून निघेल. कारण वायर जोडल्यावाचून ती जागची हलतच नाही. तुझी गाडी हलते. तिचा चांगुलपणा रोज हाताने जोडावा लागतो. तो तू न जोडताच लोकांना सांगत सुटलास.”

मग सर गाडीत बसले.

सभागृहात पहिल्याच रांगेत सुनंदा बसली होती. भूपाल उभे राहिले. लिहून आणलेले भाषण त्यांनी घडी घालून खिशात ठेवले आणि घडलेले सगळे सांगितले. सीलचेही सांगितले. मग सुनंदाकडे वळून हात जोडले. “ताई, त्या दिवशी मी तुम्हाला हसलो, ते स्वतःला झाकण्यासाठी. मला क्षमा करा.”

सुनंदाने मान डोलावली.

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उभी राहिली. “काका, पण दोन वर्षं वायर का नाही लावली?”

भूपालांनी उत्तर शोधले. कामाचा व्याप, विजेचा भरवसा, पार्किंगची अडचण, सगळे ओठांवर येऊन गेले. शेजारी अध्यक्षांच्या खुर्चीत सर ऐकत होते.

“कंटाळा केला, बाळ,” ते म्हणाले. “दुसरं काही कारण नाही.”

कोणीही हसले नाही. मुलगी “बरं” म्हणून खाली बसली. त्या एका शब्दाने भूपालांना जेवढे ओशाळे केले, तेवढे सरांच्या बोलण्यानेही केले नव्हते.

आपण चांगली वस्तू विकत घेतो, तेव्हा चांगले वागणे अजून बाकी असते.